झाकण

स्वयंपाकघरातील भांड्यांमध्ये झाकणाइतके उपेक्षित भांडे दुसरे नसेल. कढईला स्वतःचे नाव आहे, तव्याला स्वतःचे काम आहे, परातीला तर घरच्या समारंभांतही मान आहे. झाकण मात्र नेहमी दुसऱ्या कोणाचे तरी असते. ते हरवले तर त्याच्या जागी एखादी ताटली ठेवून भागवता येते, आणि सापडले तरी कोणाला फारसा आनंद होत नाही. असे असूनही काही पदार्थांचे सारे भवितव्य ह्या झाकणाच्या हाती असते. भाद्रपद चतुर्थीला मोदकपात्र चुलीवर चढले, की घरातील लहान मुले भोवती घोटाळू लागतात. हळदीच्या पानांचा सुगंध दरवळतो, झाकणाच्या कडेने वाफेची एखादी बारीक रेघ बाहेर येते, आणि "जरा उघडून पाहू का?" हे विचारल्यावाचून कोणालाच राहवत नाही. त्या प्रश्नाला आजीचे उत्तर ठरलेले असते. पिढ्यान् पिढ्या त्यात बदल झालेला नाही.

नेमके हेच उत्तर चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील आज्याही आपल्या नातवंडांना देत आल्या आहेत. फरक इतकाच, की त्यांच्या झाकणाखाली मोदक नसतात. एक अख्खा मासा असतो.

वाफेवर अन्न शिजविण्याची विद्या चीनमध्ये फार जुनी आहे. तेथील नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत बुडाला भोके पाडलेली मातीची भांडी सापडली आहेत. पाण्याच्या भांड्यावर असे भांडे ठेवले, की खालची वाफ त्या भोकांतून वर चढे आणि आतले धान्य शिजे. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास उदयास आलेल्या शांग राजवटीच्या काळात तर अशी भांडी कांस्याची ओतली जाऊ लागली. राजवटी आल्या आणि गेल्या. भांड्याचा आकार पालटला, धातू पालटला. पण खाली उकळते पाणी, मध्ये अन्न आणि वर झाकण ही मांडणी तशीच राहिली. ह्या मांडणीची खरी परीक्षा पाहावी ती ग्वांगडाँग प्रांतात आणि त्याला लागूनच असलेल्या हाँगकाँगमध्ये. तेथे मासा वाफवणे ही घरोघरची गोष्ट आहे. पण तो नीट वाफवणारा हात मात्र घरोघरी सापडतोच असे नाही.

वरवर पाहता ह्या पदार्थात अवघड असे काय आहे? सुमारे ६०० ग्रॅम वजनाचा एक मासा, आल्याचा एक तुकडा, कांद्याच्या चार पाती, थोडे तेल आणि सोयाबीनपासून केलेल्या खारट सॉसचे दोन-तीन चमचे, इतकेच काय ते साहित्य. न तिखट, न हळद, न वाटण. ज्या किनाऱ्यावर माशाचे कालवण नारळाच्या रसात रटरटत असते, त्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे साहित्य पाहून दया यावी! पण अडचण आहे ती ह्या साधेपणातच. मसालेदार रश्शात मासा थोडा शिळा असला, तरी रस्सा त्याची अब्रू सांभाळून घेतो. वाफ कोणाचीही अब्रू सांभाळत नाही. मासा जसा असेल तसा ती त्याला उघडा करून ताटात आणून ठेवते.

म्हणूनच ह्या पदार्थाची सुरुवात चुलीपाशी होत नाही, बाजारात होते. तेथील गृहिणी पाण्याच्या हौदात पोहणारा जिवंत मासाच निवडते. जिवंत मासा मिळाला नाही, तर मग कोकणातील गृहिणी कोळणीच्या पाटीपुढे बसून जी परीक्षा करते, तीच परीक्षा तिलाही करावी लागते: डोळे पाणीदार व फुगीर हवेत, कल्ले लालबुंद हवेत, अंगावर बोट दाबले तर खळगा चटकन भरून यायला हवा. समुद्रातला मासा मेला, की त्याच्या अंगातील एका निर्गंध द्रव्यापासून हळूहळू उग्र वासाचे दुसरे द्रव्य तयार होऊ लागते. आपण ज्याला 'माशाचा वास' म्हणतो, तो पुष्कळ अंशी ह्याच द्रव्याचा असतो. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो. शिळ्या माशालाच 'माशाचा' वास येतो. मासा बिघडलेला असेल तर कन्फ्यूशस तो खात नसे, अशी नोंद त्याच्या शिष्यपरंपरेने जतन केलेल्या ग्रंथात आहे. इतक्या मोठ्या तत्त्ववेत्त्याच्या चरित्रात एवढीशी गोष्ट नोंदवून ठेवावीशी वाटली, ह्यावरून त्या देशात अन्नाकडे किती गंभीरपणे पाहिले जाते हे कळून येते.

आता वाफेचे सामर्थ्य पाहावे. उकळते पाणी आणि त्यावरची वाफ ह्या दोहोंचे तापमान १०० अंश सेल्सिअसच असते; पण वाफ अधिक भाजते. ह्याचे कारण असे, की एक ग्रॅम वाफेचे पुन्हा पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. पाण्याची वाफ करताना जी उष्णता त्यात गुप्तपणे साठली होती, ती सारी अशी एकदम परत मिळते. गार माशाच्या अंगावर वाफ टेकली, की ती तेथेच थेंब होते आणि आपली उष्णता त्याला देऊन टाकते. माशाला एवढी उष्णता झेपणारी नसते. जमिनीवरच्या प्राण्यांना स्वतःचे वजन पेलण्यासाठी चिवट स्नायूबंध लागतात. माशाला पाणीच उचलून धरते, म्हणून त्याचे मांस जन्मभर कोवळे राहते. त्यातील प्रथिने ५० ते ६० अंशांच्या आसपासच घट्ट होऊ लागतात. ह्या मर्यादेच्या थोडे अलीकडे मासा कच्चा असतो. थोडे पलीकडे गेले, की त्याचे तंतू आकसतात, आतला रस पिळून बाहेर टाकतात आणि मांस भुसभुशीत होते. ह्या दोहोंमधले अंतर एखाद-दुसऱ्या मिनिटाचे असते.

हे अंतर चिनी रसिकांनी फार पूर्वीच ओळखले होते. युआन मेई हा अठराव्या शतकातील कवी. त्याने १७९२ साली पाककलेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चुलीवरच्या आचेविषयी लिहिताना त्याने बजावले आहे, की भांड्याचे झाकण वारंवार उघडणाऱ्याच्या हाती सुगंध थोडाच उरतो. आणि चांगला ताजा मासा आणून तो अधिक शिजवून घालवणे ह्यासारखी संतापजनक गोष्ट नाही. योग्य वेळी उतरवलेल्या माशाच्या मांसाला तो 'जिवंत' म्हणतो आणि वेळ टळलेल्याला 'मेलेले'. चुलीवर चढण्यापूर्वीच मासा मेलेला असतो हे काय कवीला ठाऊक नव्हते? पण निष्काळजी हात त्याला दुसऱ्यांदा मारू शकतो, हेच त्याला सांगावयाचे होते.

हे सारे एका घरात कसे घडत असेल, ते कल्पनेने पाहण्यासारखे आहे. काळ १९६० च्या आसपासचा. हाँगकाँगजवळ चेउंग चाउ नावाचे मासेमाऱ्यांचे एक लहानसे बेट आहे. तेथून शहरात जायचे तर बोटीखेरीज दुसरा मार्ग नाही. त्या बेटावरील एका लहानशा घरात चिनी वर्षाचा शेवटचा दिवस मावळला आहे. अमावास्येच्या उंबरठ्यावरची काळोखी रात्र आहे. घरात आजी आहे, आई आहे, बारा वर्षांची एक मुलगी आहे आणि तिचा धाकटा भाऊ आहे. वडील शहरात नोकरीला आहेत. ते संध्याकाळच्या बोटीने यायचे आहेत. ह्या रात्री साऱ्या कुटुंबाने एकत्र जेवायचे आणि जेवणात अख्खा मासा असायचाच, असा तेथील रिवाज. 'मासा' ह्या अर्थाचा आणि 'शिल्लक' ह्या अर्थाचा असे दोन्ही चिनी शब्द 'यू' असेच उच्चारले जातात. वर्षाच्या अखेरीस ताटात मासा असला, की पुढील वर्षी घरात काहीतरी शिल्लक राहील, अशी ती आशा. मासा अख्खा हवा तो ह्याचसाठी, की डोक्यापासून शेपटीपर्यंत काहीही तुटलेले नसावे. आरंभ चांगला तसा शेवटही चांगला व्हावा.

आजवर हा मासा आजीच वाफवीत असे. पण तिच्या हातांना कंप सुटला, आणि गेल्या वर्षी ते काम नातीकडे आले. गेल्या वर्षी काय झाले ते मुलगी विसरलेली नाही. धीर न धरवून तिने तीन वेळा झाकण उचलून पाहिले. प्रत्येक वेळी कोंडलेली वाफ भसकन बाहेर गेली आणि बाहेरची गार हवा आत शिरली. घड्याळाप्रमाणे वेळ भरली तेव्हा काट्याजवळचे मांस कच्चेच होते. मग मासा पुन्हा चढवला. आणि ह्या वेळी तो इतका शिजला, की पांढरा भुगाच हाती आला. तिला कोणीही बोलले नाही. वडिलांनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतला. पण आजीने पहिला घास तोंडात घातल्यावर क्षणभर डोळे मिटले होते, ते तिने पाहिले होते. रागावून बोललेले शब्द माणूस विसरू शकतो. न बोललेले मात्र आठवत राहतात.

ह्या वर्षी तिने सगळी तयारी आधीच केली आहे. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात, त्याच जातकुळीतला एक मासा आईने आणला आहे. वर्षभरात एवढा महाग मासा ह्या घरात पुन्हा येणार नाही. खवले काढून, पोट साफ करून, काट्यालगतचे काळसर रक्तदेखील तिने धुऊन काढले आहे. मासा फडक्याने कोरडा टिपला आहे. पाठीच्या जाड भागावर सुरीची एक-एक चीर दिली आहे, म्हणजे उष्णता तेथेही सारख्याच वेळात पोचावी. ताटलीत कांद्याच्या जाड पाती आडव्या मांडून त्यांवर तो ठेवला आहे. वाफ खालूनही फिरली पाहिजे ना! आल्याचे आणि कांद्याच्या हिरव्या पातीचे काडीसारखे बारीक काप एका वाटीत तयार आहेत. रॉकेलच्या स्टोव्हवर मोठ्या कढईत पाणी खळखळते आहे. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकते आहे. आता वडील तेवढे यायचे आहेत.

आणि वडील येत नाहीत. समुद्रावर दाट धुके उतरले आहे. बोटी चाचपडत चालल्या आहेत. कढईतले पाणी आटते, मुलगी दुसरे आधण ओतते. ते आटते, तिसरे ओतते. धाकट्या भावाला भूक लागली आहे. "आताच ठेव ना, ताई! बाबा येतील तोवर झाकून ठेवू," तो म्हणतो. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण झाकून ठेवलेला मासा स्वतःच्याच ऊबेत शिजत राहतो, हे गेल्या वर्षभरात तिला कळून चुकले आहे. इतक्यात धुक्यातून बोटीचा भोंगा ऐकू येतो. धक्क्यापासून घर दहा मिनिटांच्या वाटेवर. मासा शिजायला लागणार आठ मिनिटे. हिशेब तर जुळतो! तिचा हात ताटलीकडे जातो. पण वडील ह्याच बोटीने आले असतील कशावरून? ती आजीकडे पाहते. आजी काहीच बोलत नाही. निर्णय नातीचा आहे, हे जणू तिने मनाशी पक्के केले आहे. मुलगी हात मागे घेते.

त्या बोटीने वडील आलेले नसतात. ते येतात पुढच्या बोटीने, पाऊण तासाने. अंगणात पावले वाजतात, दार उघडते, आणि धुक्याने ओलसर झालेला कोट काढून वडील हातपाय धुवायला जातात. त्याच क्षणी मुलगी ताटली कढईतल्या तिवईवर ठेवते, झाकण घालते आणि घड्याळ पाहते.

आता तिला काहीच करायचे नाही, आणि हेच सर्वांत कठीण आहे. चिरणे, धुणे, आधण ठेवणे ह्या कामांत हात गुंतलेले असतात. गुंतलेल्या हातांना शंका सुचत नाहीत. रिकाम्या हातांना मात्र झाकणाची मूठ बोलावू लागते. स्टोव्ह मंद तर झाला नसेल? पाणी पुरेल ना? आपल्याकडे म्हणतात, शिजेपर्यंत दम धरवतो, पण निवेपर्यंत धरवत नाही. ह्या माशाच्या बाबतीत निवण्याचा प्रश्नच नसतो. शिजेपर्यंतच सारा दम काढायचा असतो. तिसऱ्या मिनिटाला झाकणाच्या कडेने वाफेचा झोत सुरू होतो. पाचव्या मिनिटाला त्या वाफेला एक गोडसर वास येतो. सहाव्या मिनिटाला तिचे बोट मुठीला लागते, चटका बसतो आणि ते मागे येते. आजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आवाज ऐकते आहे. झाकणाखालचा खळखळाट तसाच भरीव आहे तोवर आत सारे ठीक आहे, हे तिच्या कानांना ठाऊक आहे. आठवे मिनिट भरते.

झाकण उघडते. माशाचा डोळा पांढरा होऊन बाहेर आलेला आहे. मुलगी एक बारीक काडी पाठीच्या सर्वांत जाड भागात टोचते. ती अडखळल्यावाचून काट्यापर्यंत जाते. मांस काट्यापासून नुकते, अगदी नुकते सुटू लागले आहे. ताटलीत साचलेले उग्र वासाचे पाणी ती ओतून टाकते आणि वर आले-कांद्याचे काप पसरते. कडकडीत तापवलेले तेल ओतण्याचे काम आईने स्वतःकडे ठेवले आहे. आई तेल ओतते. चर्र असा आवाज होतो, हिरवे काप जागच्या जागी आकसतात आणि सारे घर त्या वासाने भरून जाते. शेवटी किंचित साखर घातलेला सोयाचा सॉस माशाच्या कडेने सोडला, की झाले. ह्या साऱ्याला एक मिनिटही लागत नाही. तेवढ्यात वडील, भाऊ सारे जागेवर येऊन बसलेले असतात. ह्या पदार्थासाठी माणसांनी वाट पाहायची असते. मासा कोणासाठी थांबत नाही.

ताटली मध्यभागी येते. माशाचे तोंड आजीकडे केलेले असते. घरात जो सर्वांत वडील त्याच्याकडे माशाचे तोंड असावे अशी तिकडची रीत आहे. वरच्या बाजूचे मांस संपले, तरी मासा कोणी उलटा करीत नाही. मासा उलटला तर नाव उलटते, अशी दर्यावर्दी लोकांची समजूत. ज्या बेटावरच्या घराघरातून कोणी ना कोणी समुद्रावर गेलेले असते, आणि ज्या रात्री वडीलच धुक्यातून आलेले असतात, तेथे ह्या समजुतीला कोण हसेल? मधला काटा अलगद उचलून बाजूला काढतात आणि खालचे मांस घेतात. शेपटीकडचा भाग मुद्दाम राखून ठेवतात. तो उद्यासाठी, नव्या वर्षासाठी, 'शिल्लक' म्हणून.

आजी पहिला घास घेते. मुलगी आपल्या वाडग्याकडे पाहत बसते. वर पाहण्याचा तिला धीर होत नाही. आजी डोळे मिटत नाही, काही बोलतही नाही. कापऱ्या हाताने ती माशाच्या गालाचा लहानसा, बदामाएवढा तुकडा काढते. माशाच्या अंगातला हा सर्वांत नाजूक घास. तो मानाच्या माणसाला द्यायचा असतो. काड्यांच्या टोकांवर तो तुकडा थरथरत टेबलावरून पलीकडे जातो आणि नातीच्या भातावर अलगद उतरतो.

जेवणे आटोपल्यावर भांडी घासली जातात. कढई पुसून खुंटीला लागते, ताटली मांडणीवर जाते. झाकण भिंतीशी टेकवून ठेवलेले असते. आतल्या बाजूचे दोन-चार थेंब ओघळत ओघळत कडेपर्यंत येतात आणि खाली पडतात. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. निजायला जाताना मुलगी मात्र क्षणभर थांबते, फडके घेते आणि ते कोरडे पुसून जागेवर ठेवते.